मरळपालन: कमी परिचित मासा तळ्यात आणण्याची पद्धत

जगभर शेकडो जातींचे मासे पाळले जातात, पण एकूण उत्पादनाचा मोठा हिस्सा मोजक्याच जाती देतात: कार्प गटातले मासे, तिलापिया, पंगस, सॅमन. बाकीच्या जातींना मागणी नाही म्हणावे, तर तसे नसते. त्यांतल्या कित्येकांना गिऱ्हाईक वाट पाहत असते. तरीही त्या तळ्यात फारशा दिसत नाहीत, कारण प्रत्येक जातीचे घोडे कुठेतरी अडलेले असते. आणि बहुतेक वेळा ते तळ्यात अडत नाही, तळ्याच्या आधी अडते: बीजापाशी, म्हणजे पाळायला लागणाऱ्या पिल्लांपाशी, किंवा बीजाच्या पहिल्या खाद्यापाशी. म्हणून तळे आधी खोदून मग "बीज बघू" म्हणणारा माणूस उलट्या क्रमाने चाललेला असतो. या लेखात मरळ हा मासा धरून सगळा क्रम सांगितला आहे. पण जात निवडण्याआधीची तपासणी कोणत्याही माशाला लागू पडते, म्हणून ती आधी.

जात निवडण्यापूर्वी

काही जातींचे बीज माणसाला अजून पुरेसे तयार करता आलेले नाही. इल हा सापासारखा लांबट मासा त्याचे ठळक उदाहरण. समुद्रातून नदीमुखाशी येणारी पारदर्शक पिल्ले पकडायची आणि तीच वाढवायची, असा हा व्यवसाय आहे. जपानी इलचे पूर्ण जीवनचक्र २०१० साली प्रयोगशाळेत घडवून आणण्यात यश आले, पण व्यवसायाला लागणारे बीज अजूनही मुख्यतः पकडलेलेच असते. एखाद्या हंगामात पिल्ले कमी आली की त्या वर्षी टाक्या रिकाम्या राहतात.

काही जातींत बीज मिळते, पण थोडे. ॲमेझॉन खोऱ्यातला अरापैमा वर्षभरात १० किलोपर्यंत वाढतो, हवेतून श्वास घेतो, पाण्याच्या बाबतीत सोशिक असतो. ऐकायला सगळे छान. पण नर-मादी बाहेरून ओळखणे अवघड, जोडी स्वतःच्या मर्जीने जमते, आणि कार्पला लागू पडणारे संप्रेरकाचे इंजेक्शन इथे भरवशाने काम करत नाही. काळुंदर हा निमखाऱ्या पाण्यातला मासाही जोडीने घरटे करतो आणि पिल्ले सांभाळतो. एका जोडीकडून मिळणारी पिल्ले कार्पच्या तुलनेत फारच कमी असतात. त्यामुळे मोठ्या तळ्याला पुरेल इतके बीज हवे असेल तर जोड्याच खूप ठेवाव्या लागतात.

काही जाती वेळ मागतात. कॅव्हियारसाठी (म्हणजे खारवून विकल्या जाणाऱ्या अंड्यांसाठी) पाळलेली स्टर्जनची मादी पहिल्यांदा अंडी धरायला जातीनुसार सहा-सात वर्षांपासून पंधरा-वीस वर्षांपर्यंत घेते. इतकी वर्षे खाद्य घालण्याची ऐपत नसेल तर त्या वाटेला जाऊच नये.

आणि काही जातींत बीज मिळते, वाढही झपाट्याने होते, पण भावंडे एकमेकांना खातात. जिताडा आणि मरळ या गटातले. जिताड्याचे पिल्लू स्वतःच्या लांबीच्या जवळपास ६० टक्के लांबीचे भावंड गिळू शकते. म्हणजे हजार पिल्लांत आकाराचा फरक पडू दिला की आकडा आपोआप घसरत जातो, आणि मेलेला मासा मात्र एकही तरंगताना दिसत नाही.

जात ठरवताना म्हणून चार गोष्टींची उत्तरे कागदावर लिहून काढा. बीज कोण देते आणि वर्षातून कोणत्या महिन्यांत? ते बीज आत्ता, देताना, काय खात आहे? ते भावंडे खाते का, आणि कोणत्या वयापर्यंत? आणि ही जात तुमच्या प्रदेशातल्या पाण्यात पाळायला कायद्याची परवानगी आहे का?

शेवटचा प्रश्न लोक सोडून देतात, आणि मला तो सगळ्यांत गंभीर वाटतो. थाई मागूर या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी मागूरच्या पालनावर भारतात बंदी आहे, कारण तो निसटून स्थानिक माशांचा फडशा पाडतो. मरळाचाच एक आशियाई भाऊबंद, उत्तरेकडचा मरळ, २००२ साली अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात क्रॉफ्टन इथल्या तळ्यात सापडला. ते तळे विष घालून रिकामे करावे लागले आणि त्याच वर्षी मरळ कुळातल्या जिवंत माशांच्या आयातीवर तिथे निर्बंध आले. जो मासा तुमच्या नद्यांत मुळातच आहे तोच पाळणे सगळ्यांत सुरक्षित. मरळ दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या गोड्या पाण्याचा रहिवासी आहे. त्या प्रदेशाबाहेर राहणाऱ्यांनी पुढची पद्धत वाचावी, पण जात स्वतःकडची निवडावी.

मरळाचा स्वभाव

पालनासाठी मुख्यतः पट्टेरी मरळ वापरतात, शास्त्रीय नाव चन्ना स्ट्रायाटा. चन्ना मारुलियस ही आकाराने खूप मोठी होणारी जातही पाळतात, पण पहिल्या वेळी पट्टेरी मरळच घ्यावा.

मरळाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, हवेतून प्राणवायू घेणारा अवयव असतो. तो पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो. यामुळे दोन गोष्टी होतात. पहाटे पाण्यातला प्राणवायू घसरून जिथे कार्प माना वर काढून मरतात, तिथे मरळ तग धरतो. दुसरी गोष्ट लक्षात ठेवली नाही तर घात होतो: मोठ्या मरळाला हवा घेऊच दिली नाही, तर तो पाण्यात गुदमरून मरतो. पाण्याखाली बुडालेले जाळे, काठोकाठ भरलेले झाकणबंद पिंप, तळ्यावर सलग पसरलेली जलपर्णी हे सगळे त्याला मारू शकते.

लहान पिल्लांचे मात्र वेगळे आहे. हा अवयव तयार होईपर्यंत ती कल्ल्यांवरच जगतात. "मरळाला एरेटर लागत नाही" हे वाक्य मोठ्या माशापुरते खरे आहे; पिल्लांच्या टाकीत हवेचा दगड, म्हणजे पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा सच्छिद्र दगड, चालूच हवा.

तळे

तळे लहान ठेवा. ५०० ते १,००० चौरस मीटरचे दोन-तीन तुकडे हे एका मोठ्या तळ्यापेक्षा बरे, कारण प्रतवारी करून आकाराप्रमाणे मासे वेगळे ठेवायला जागा हवी असते. पाण्याची खोली १ ते १.५ मीटर पुरते. त्याहून खोल तळ्यात माशाला दर वेळी हवेसाठी लांबून वर यावे लागते आणि त्यात त्याची शक्ती जाते.

तळाला उतार हवा आणि पाणी पूर्ण काढता यायला हवे. ही सोय नसेल तर मरळपालन करू नका, असे मी ठामपणे सांगतो. मरळ चिखलात शिरून बसतो, जाळे त्याच्यावरून निघून जाते, आणि मागे राहिलेला एक-एक मासा पुढच्या बीजाचा काळ ठरतो.

बांधावर चारही बाजूंनी किमान एक मीटर उंच जाळीचे कुंपण घाला, वरची कड आत वळवा आणि खालची कड मातीत गाडा. मरळ उडी मारतो, आणि पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्याकडे निघतो. पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटांना बारीक जाळी बसवा. पक्ष्यांसाठी वरून दोऱ्या किंवा जाळे ताणा.

तळ सुकू द्या, भेगा पडेपर्यंत. मातीच्या सामूप्रमाणे हेक्टरी २०० ते ५०० किलो चुना पसरा, म्हणजे १,००० चौरस मीटरला २० ते ५० किलो. पाणी बारीक जाळीतून गाळून भरा. एका कोपऱ्यात बांबूची चौकट करून तिच्यात जलपर्णी अडकवा. तळ्याचा पाचवा हिस्सा झाकला तर पुरे. तिच्या सावलीत मासे शांत राहतात. चौकट नसेल तर जलपर्णी महिन्याभरात सगळे तळे व्यापते.

बीज: विकत घेणार की तयार करणार

पहिल्या वर्षी विकत घ्या. पण कोणते बीज, यावर पुढचे सगळे ठरते.

बाजारात तीन प्रकारचे बीज भेटते. पहिले, नाल्यांतून आणि भातखाचरांतून गोळा केलेले. मरळाची पिल्ले तांबूस-केशरी रंगाची असतात आणि आईबापांच्या पहाऱ्यात घोळका करून फिरतात, त्यामुळे सूपजाळ्याने एका फटक्यात हजारो उचलता येतात. हे बीज स्वस्त पडते, पण त्यात वेगवेगळ्या वयाची आणि जातींची पिल्ले मिसळलेली असतात, त्यांना दाणे, म्हणजे तयार कोरडे खाद्य, माहीत नसते, आणि उचलणारा एका जोडीचा त्या हंगामातला सगळा वंश घेऊन जातो. दुसरे, उबवणी केंद्रातले पण सजीव खाद्यावरच असलेले छोटे जिरे, म्हणजे अगदी लहान पिल्ले. तिसरे, दाण्यांवर आलेली ७ ते १० सेंटिमीटरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले. तिसरे बीज मिळत असेल तर महाग पडले तरी तेच घ्या.

याला कंबोडियाचा दाखला आहे. तिथे मरळपालन लहान जंगली माशांच्या खाद्यावर चालत होते. नदीतले छोटे मासे मरळाला घालण्यासाठी इतके पकडले जाऊ लागले की सरकारने मरळपालनावरच बंदी घातली. त्यानंतर व्हिएतनाममधल्या कान थो विद्यापीठाच्या आणि कंबोडियातल्या संशोधकांनी पिल्लांना तयार दाण्यांवर आणण्याची पद्धत बसवली, आणि २०१६ मध्ये बंदी उठली. तळी तीच होती आणि मासाही तोच. बदलली ती पिल्लांची पहिल्या दोन महिन्यांतली सवय.

घेताना विक्रेत्याच्या टाकीपाशी उभे राहा आणि तुमच्यासमोर दाणे टाकायला सांगा. पिल्ले झेपावून आली तर बीज सवयीचे आहे. "आत्ताच खाल्ले आहे" असे उत्तर मिळाले तर दोन-तीन तास थांबा. अंगावर ओरखडे, पांढुरके डाग किंवा शेपटी झिजलेली पिल्ले घेऊ नका. लांबीतला फरक डोळ्यांनीच पाहा: सर्वांत मोठे पिल्लू सर्वांत लहानाच्या दीडपट असेल, तर त्या टाकीत आधीच खादाडी, म्हणजे भावंडांना खाणे, सुरू झाली आहे.

वाहतुकीपूर्वी एक दिवस उपास हवा. छोटी पिल्ले प्राणवायू भरलेल्या पिशवीत चालतात. मोठी बोटुकली रुंद तोंडाच्या पिंपात, थोड्या पाण्यात, वर भरपूर हवा ठेवून न्यावी. पोहोचल्यावर पिशवी तळ्याच्या पाण्यात तरंगत ठेवून तापमान सारखे होऊ द्या, मग तळ्यातले पाणी थोडे-थोडे पिशवीत मिसळा आणि पिल्लांना आपण होऊन बाहेर पडू द्या.

पुढे स्वतः बीज करायचे झाले तर पद्धत अवघड नाही. किमान दोन वर्षांचे निरोगी मासे निवडा. पावसाळ्याच्या तोंडाशी मादीचे पोट फुगीर आणि मऊ होते, जननछिद्र गोल व लालसर दिसते. नर सडपातळ असतो. जोडी पाणवनस्पती घातलेल्या छोट्या टाकीत किंवा हापात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत) सोडा. काही जोड्या नुसत्या ताज्या पाण्याच्या सरींनीही अंडी देतात. संप्रेरक द्यायचे तर ओव्हाप्रिमसारख्या तयार द्रावणाची मादीला किलोमागे ०.४ ते ०.६ मिलीलिटरच्या आसपास मात्रा वापरतात, नराला त्याहून कमी. अंडी पिवळसर, तेलाच्या थेंबामुळे पाण्यावर तरंगणारी असतात. २८ ते ३० अंश तापमानात ती साधारण २४ ते ३० तासांत फुटतात. पांढरी पडलेली अंडी लगेच काढून टाका, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाते.

पहिले दोन महिने

मरळपालनातली खरी कारागिरी इथे आहे. या टप्प्यावर दिवसातून चार-पाच वेळा टाकीपाशी बसण्याची तयारी हवी. ज्याला ते जमणार नाही त्याने दाण्यांवर आलेली बोटुकलीच घ्यावी.

अंड्यातून निघाल्यावर सुमारे तीन दिवस पिल्लू पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगते. तोंड उघडले की त्याला हलणारे, बारीक, सजीव खाद्य लागते: आधी रोटिफर, मग मोइना, मग आर्टेमियाची पिल्ले; हे तिन्ही पाण्यातले अगदी बारीक जीव. ते आधीच तयार हवे. पिल्ले फुटल्यावर मोइनाची टाकी भरायला घेतली तर उशीर झाला असे समजा.

मोइना करायला १,००० लिटरच्या तीन टाक्या ठेवा आणि दोन-दोन दिवसांच्या अंतराने सुरू करा. क्लोरिन नसलेल्या पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेली शेंगदाणा पेंड, साधारण १०० ग्रॅम, आणि चिमूटभर यीस्ट घाला. हवा हळू सोडा. पाणी हिरवट किंवा दुधाळ झाले की मोइनाचे विरजण सोडा. पाच ते सात दिवसांत टाकीच्या कडेला तांबूस ढग दिसू लागतात. पहाटे ते बारीक कापडाच्या जाळीने उचलावेत, स्वच्छ पाण्यात धुवावेत आणि पिल्लांना द्यावेत. एका वेळी टाकीतला तिसरा हिस्साच काढा. पाण्याला कुबट वास आला तर पेंड जास्त झाली आहे. अर्धे पाणी बदला आणि एक दिवस काही घालू नका.

आता दाण्यांची सवय. कान थोच्या पद्धतीत पट्टेरी मरळासाठी साधारण सतराव्या दिवसापासून सुरुवात करतात, आणि दर तीन दिवसांनी पूर्वीच्या खाद्यातला १० टक्के भाग काढून त्या जागी तयार खाद्य देतात. म्हणजे पूर्ण बदलाला महिना लागतो. घाई करणारे हे काम आठवड्यात उरकायला बघतात. मग निम्मी पिल्ले दाणे शिकतात आणि उरलेली निम्मी पहिल्या निम्म्यांचे खाद्य बनतात.

प्रत्यक्षात असे करा. मोइनाकडून आधी बारीक वाटलेल्या माशाच्या लगद्यावर या. लगद्यात बारीक दळलेले, ४० ते ४५ टक्के प्रथिने असलेले खाद्य ठरलेल्या प्रमाणात मिसळा आणि घट्ट मळा. हा गोळा उथळ ताटलीत ठेवून ती पाण्यात थोडी खाली, नेहमी एकाच जागी टांगा. दर वेळी ताटली सोडण्याआधी टाकीच्या कडेवर तीन टकटका द्या. काही दिवसांत पिल्ले आवाजानेच गोळा होतात, आणि पुढे तळ्यातही ही सवय कामी येते. सुरुवातीला दिवसातून सहा वेळा, नंतर चार वेळा. अर्ध्या तासाने ताटली उचला, उरलेले तपासा, टाकीचा तळ नळीने ओढून घ्या. तयार खाद्याचे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे गेले की लगदा चाळणीतून दाबून शेवयांसारखे बारीक तुकडे करा, आणि त्यांच्याबरोबर तरंगते बारीक दाणे टाकायला लागा.

पिल्ले दोन दिवस खाद्याला तोंड लावत नसतील तर मागच्या पायरीवर या. पण पूर्ण सजीव खाद्याकडे परत जाऊ नका. तसे केले की वाट पाहिली तर आवडीचे मिळते हेच ती शिकतात.

प्रतवारी

दर सात ते दहा दिवसांनी टाकीतली पिल्ले आकाराने वेगळी करा. समांतर पट्ट्यांच्या फटी असलेली चौकट वापरली तर हात कमी लागतो आणि अंगावरचा चिकट थर टिकतो. तीन गट पुरतात: मोठी, मधली, लहान.

इथे नवख्यांचा एक समज बदलावा लागतो. टाकीतले सर्वांत मोठे पिल्लू बघून आनंद होतो, "हे चांगले वाढतेय." बहुतेक वेळा ते भावंडांवर वाढलेले असते. ओळखायला सोपे आहे: सकाळी खाद्य देण्यापूर्वी ज्याचे पोट टम्म दिसते, त्याने रात्री काय खाल्ले ते उघड आहे. अशी पिल्ले लगेच वेगळ्या टाकीत हलवा. दुसरी खूण वहीत सापडते. रोज मेलेली पिल्ले मोजून लिहा; प्रतवारीच्या दिवशी एकूण मोजणी करा. तूट मेलेल्यांच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त असेल तर ती पिल्ले आजाराने गेलेली नाहीत. औषधाच्या मागे न लागता खाद्याची वेळ, मात्रा आणि प्रतवारी सुधारा.

भुकेमुळे खादाडी वाढते, म्हणून रात्रीचे शेवटचे खाद्य चुकवू नका. टाकीत जलपर्णीच्या मुळ्या किंवा जाळीचे गुंते सोडले तर लहानांना लपायला जागा मिळते. गर्दी कमी केल्यानेही फरक पडतो, पण आकार सारखा ठेवण्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

मोठ्या तळ्यातले दिवस

बोटुकली १० सेंटिमीटरच्या आसपास झाली, दाणे झेपावून खाऊ लागली, की तळ्यात सोडा. त्यापूर्वी पिल्लांना २ टक्के मिठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा. त्यामुळे अंगावरचे परजीवी सुटतात. त्या मिनिटात नजर हलवू नका. पिल्लू कलंडायला लागले की लगेच साध्या पाण्यात घ्या.

संख्या किती? मरळ हवेतून श्वास घेत असल्याने आग्नेय आशियात चौरस मीटरला कितीतरी दाट संख्येनेही पाळतात. त्यामागे रोजचे पाणी बदलणे आणि मुरलेला हात असतो. पहिल्या वेळी चौरस मीटरला २ पुरेत. हिशोब मांडून बघा: १,००० चौरस मीटरमध्ये २,००० बोटुकली, ७० टक्के जगली तर १,४०० मासे, सरासरी ७०० ग्रॅम धरले तर ९८० किलो उत्पादन. एक किलो माशाला दीड किलो खाद्य धरले तर १,४७० किलो खाद्य लागेल. हा आकडा बीज घेण्यापूर्वी हातात हवा, कारण खर्चाचा सगळ्यांत मोठा वाटा खाद्याचा असतो आणि ते मध्येच संपले तर तळ्यात पुन्हा खादाडी सुरू होते. कच्चे मासे घालून वाढवायचे म्हटले तर एक किलो मरळाला चार किलोंच्या वर कच्चा मासा लागतो, पाणी नासते आणि बाहेरचा रोग आत येतो.

खाद्य तरंगते द्या, म्हणजे कोण किती खातो ते दिसते. सुरुवातीला माशांच्या एकूण वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास, १०० ग्रॅमचा मासा झाला की ३ ते ४ टक्के, ३०० ग्रॅमनंतर दीड ते दोन टक्के, दिवसातून दोनदा. हे आकडे केवळ सुरुवात म्हणून घ्या. खरी मात्रा म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत जेवढे संपते तेवढी. दाण्याचा आकार तोंडाच्या मानाने वाढवत न्या. दर पंधरा दिवसांनी पागाने (फेकून टाकायच्या जाळ्याने) ३०-४० मासे काढून वजन करा आणि मात्रा नव्याने ठरवा. पाणी २० अंशांच्या खाली गेले की मासे खाणे टाकतात. तेव्हा खाद्य तोडलेच पाहिजे.

तळ्यातही महिन्यातून एकदा प्रतवारी करा, निदान पहिले तीन महिने.

पाणी

मासा मरत नाही म्हणजे पाणी चांगले आहे, असे मरळाच्या बाबतीत धरता येत नाही. प्राणवायू कमी पडला तर तो वर येऊन घोट घेईल, पण अमोनियापासून त्याला पळता येत नाही. वरच्याच हिशोबात शेवटच्या महिन्यात रोज सुमारे १५ किलो खाद्य पडेल. ४० टक्के प्रथिनांच्या हिशोबाने त्यात ६ किलो प्रथिने, आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे रोज जवळपास एक किलो नायट्रोजन तळ्यात जातो. त्यातला मोठा हिस्सा माशाच्या अंगी न लागता पाण्यात उतरतो. दुपारी सामू वाढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

म्हणून आठवड्यातून एकदा अमोनिया आणि सामू मोजा, सामूची मोजणी सकाळी आणि दुपारी अशी दोन्ही वेळा. सामू ६.५ ते ८.५ आणि तापमान २६ ते ३२ अंश असले की वाढ चांगली होते. पहिले दोन महिने पंधरवड्याला, नंतर दर आठवड्याला २० ते ३० टक्के पाणी तळाकडून काढा आणि ताजे भरा. पाणी गडद हिरवे झाले आणि मासे खाद्याला उशिरा येऊ लागले तर त्या दिवशी खाद्य निम्मे करा, पाणी बदला. काढलेले पाणी ओढ्यात सोडू नका. शेतात किंवा झाडांना द्या, तिथे तो नायट्रोजन उपयोगी पडतो.

आजार

मरळाचा मोठा शत्रू म्हणजे अंगावर लाल, खोल जखमा करणारा व्रणरोग. ॲफॅनोमायसेस इन्व्हाडन्स नावाचा बुरशीसारखा जीव तो घडवतो आणि मरळ कुळ त्याला लवकर बळी पडते. पावसाळा संपून पाणी गार होऊ लागते, १८ ते २२ अंशांकडे येते, तेव्हा तो डोके वर काढतो. तो त्वचेवरच्या ओरखड्यातून सहज शिरतो, म्हणून थंडीत जाळे ओढणे, प्रतवारी करणे, मासे हलवणे टाळा. थंडी लागण्यापूर्वी चुन्याची हलकी मात्रा द्या आणि पूर, नाले किंवा बाहेरचे मासे तळ्यात येऊ देऊ नका. खोल जखमा झालेले मासे वाचवण्याच्या नादात बाकीचे तळे गमावू नका. ते काढून तळ्यापासून लांब चुन्यासह पुरा. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने कधीही घालू नका, तपासणीशिवाय तर नाहीच.

काढणी

उष्ण पाण्यात आणि चांगल्या खाद्यावर ८ ते १० महिन्यांत मासे ६०० ते ८०० ग्रॅमचे होतात. सगळे एकदम होत नाहीत. मोठे आधी काढत जा. मागे राहिलेल्यांना जागा मिळते आणि ते भराभर वाढतात.

विक्रीपूर्वी एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवा. मरळाची खरी किंमत जिवंत असण्यात आहे, आणि तो ओल्या, सावलीच्या पिंपात थोड्या पाण्यावर तासन्तास जगतो. ही सोय नीट वापरायची तर एका पिंपात गर्दी करू नका, झाकणाला भोके ठेवा आणि पाणी इतकेच घ्या की मासा डोके सहज वर काढेल.

शेवटी तळे पूर्ण उपसा. चिखलात पाय घालून, हातांनी चाचपून, कोपरे आणि बांधाखालची बिळे तपासा. आठवडाभर तळ उन्हात सोडा आणि पहिल्या ओलाव्यानंतर पुन्हा एक फेरी मारा, कारण मरळ ओलसर चिखलात बरेच दिवस तग धरतो. मगच चुना टाका आणि नव्या बोटुकलीसाठी पाणी भरा.